अकरा उतारू

समितीचे दोघे जण कागद घेऊन आले तेव्हा तिकीटबाई दोरीवरच्या चादरी काढत होत्या. एक खालच्या गावच्या शाळेचे मुख्याध्यापक, आणि दुसरे समितीचे अध्यक्ष, म्हणजे चौकातले लोखंडसामानाचे दुकानदार. बंद पडलेल्या स्टेशनच्या इमारतीत वाचनालय करायचं ठरलं होतं. दाराशेजारी स्टेशनच्या इतिहासाचा मोठा बोर्ड लागायचा होता आणि त्याचा मजकूर मुख्याध्यापकांनी लिहून आणला होता.

"बाई, तुम्ही तिथे बारा वर्षं तिकिटं विकलीत," मुख्याध्यापक म्हणाले. "तारखा तेवढ्या नजरेखालून घाला. बाकी सगळं अगदी तयार आहे."

बाईंनी चादरी खांद्यावर टाकल्या, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि उभ्याउभ्याच वाचायला लागल्या. स्टेशन बांधल्याचं साल चुकलं होतं, तीन वर्षांनी. ते ठीक. पुढे लिहिलं होतं, 'येथून दररोज शेकडो उतारू प्रवास करीत.' बाईंनी भुवया वर केल्या. आणि शेवटची ओळ होती, 'अखेर एका कर्मचाऱ्याच्या चुकीच्या मोजणीमुळे हे स्टेशन बंद पडले.'

"हा कर्मचारी कोण?" बाईंनी विचारलं.

अध्यक्ष अंगणातल्या नळाकडे बघायला लागले. "नाव कुठे घातलंय आम्ही?"

"नाव कशाला घालायला हवं? दोन्ही गावांतल्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा, तो माझ्या दाराशी आणून सोडेल."

"बाई, जुनी गोष्ट झाली ती. आता कुणाच्या मनात काही नाही."

"मनात नाही म्हणून बोर्डावर लिहिताय का?"

मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. रंगारी सोमवारी येणार होता म्हणाले, तेव्हा तारखांचं काय ते रविवारपर्यंत कळवा. आणि दोघेही पायात चपला सरकवून निघून गेले. बाई चादरींचं गाठोडं घेऊन आत आल्या आणि ते पलंगावर असं काही आदळलं, की यजमानांनी दुरुस्तीला उघडलेल्या रेडिओतून मान वर काढली.

"काय झालं?"

"मला माझ्याच फाशीच्या तारखा तपासून द्यायच्यात."

ही गोष्ट नीट कळायची तर स्टेशनपासूनच सुरुवात करायला हवी.

टेकडीच्या अंगावर वरचं गाव आणि ओढ्याकाठी खालचं गाव. बाईंचं माहेर वरचं, सासर खालचं. नव्वद वर्षांपूर्वी रेल्वे आली तेव्हा स्टेशन आपल्याच वेशीला हवं म्हणून दोन्ही गावं हट्टाला पेटली. अर्ज गेले, शिष्टमंडळं गेली, एकदा मोजणीदारांच्या खुंट्या रातोरात उपटून दुसरीकडे ठोकल्या गेल्या. शेवटी रेल्वेचा साहेब वैतागला. त्याने नकाशावर दोन गावांच्या मध्ये पट्टी ठेवली आणि बरोबर मधोमध टिंब दिलं. तिथे ना वस्ती, ना विहीर, ना सावली. वरच्या गावातून चाळीस मिनिटं चालत, खालच्या गावातूनही चाळीस मिनिटं चालत. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात, इथे तिसरा होता तो नुसता माळ.

मग नावाचं भांडण लागलं. स्टेशनला दोन्ही गावांची नावं जोडून द्यायची ठरली, पण आधी कुणाचं? तडजोड अशी निघाली की फलाटाच्या वरच्या टोकाच्या पाटीवर वरचं गाव आधी, खालच्या टोकाच्या पाटीवर खालचं आधी. त्यामुळे झालं असं, की एकच स्टेशन शहराकडून येताना एका नावाचं आणि शहराकडे जाताना दुसऱ्या नावाचं. अनोळखी माणूस गाडीतून डोकावून विचारायचा, "अहो, हे कुठलं?" आणि फलाटावरची माणसं उत्तर द्यायच्या आधी एकमेकांकडे रागाने बघायची.

तिकीटबाई तिथे लागल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. तिकीटघर म्हणजे एक खिडकी, एक उंच स्टूल, तिकिटांचं लाकडी कपाट आणि तिकिटावर तारीख उठवायचं लोखंडी यंत्र. त्या यंत्राचा दांडा दाबताना सुरुवातीला दोन्ही हात लावावे लागत, पुढे पुढे डाव्या हाताच्या तीन बोटांवर काम व्हायला लागलं. सकाळी सात दहाची गाडी शहराकडे, संध्याकाळी सहा पाचची परत. मधल्या वेळात दोन मालगाड्या न थांबता धडधडत जायच्या. बाईंना काम आवडायचं. गाडीच्या आधीची दहा मिनिटं खिडकीत एकामागून एक हात यायचे, आणि पुढे पुढे त्या हात बघून माणूस ओळखायला लागल्या.

मग बस आली. खालच्या गावच्या चौकातून सुटायची, वरच्या गावच्या शाळेपाशी थांबायची आणि सरळ शहराच्या बाजारात नेऊन सोडायची. तिला वेळ जास्त लागायचा, हादरे बसायचे, पण चाळीस मिनिटं माळ तुडवावा लागायचा नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, तशी ही बस वर्षाभरात दोन्ही गावांची लाडकी झाली. शिवाय गाडीची वेळच अशी होती की ती शहरात आठला पाच कमी असताना पोचायची, आणि गिरण्यांची पहिली पाळी सात वाजता सुरू व्हायची. गाडी तासभर आधी सोडा म्हणून बाईंनी रेल्वेच्या मुख्य कचेरीला तीन पत्रं पाठवली. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, की पत्र योग्य त्या विभागाकडे पाठवले आहे. तिसरं पत्र त्यांच्याकडेच परत आलं, पाकिटावर पत्ता त्यांच्याच स्टेशनचा, आणि वर शेरा, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी'.

बाईंचे यजमान गिरणीत वायरमन होते. तेसुद्धा बसने जायचे. सासूबाई म्हणायच्या, "सून स्टेशन सांभाळते आणि मुलगा बसचं भाडं भरतो. धन्य आमचं घर!"

अशी सहा वर्षं गेली आणि एक दिवस वरून छापील तक्ता आला. पुढचे चौदा दिवस रोज किती उतारू गाडीत चढले ते लिहायचं. सरासरी वीसच्या खाली गेली तर स्टेशन बंद.

स्टेशनमास्तर निवृत्तीला टेकलेले. त्यांनी तक्ता वाचला, घडी घातली आणि बाईंच्या खिडकीत ठेवला. "बाई, हे तुमचं खातं."

बाईंना आकडा तोंडपाठ होता. अकरा. दूधवाले दोघे भाऊ, थोरला आणि धाकटा, मधे कॅन. दगडाच्या खाणीवरचे चौघे, त्यांतले दोघे एकमेकांशी बोलायचे नाहीत, पण डब्यात शेजारी बसायचे. दवाखान्यातल्या नर्सबाई. कोर्टातला कारकून, ज्याला सुटे पैसे कधीच सापडायचे नाहीत. कॉलेजच्या दोघी मुली. आणि एक म्हातारे गृहस्थ, ज्यांची बायको शहरातल्या मोठ्या इस्पितळात अंथरुणाला खिळलेली होती. ते रोज स्वच्छ सदरा घालून तिला भेटायला जायचे. कधी एखादा पाहुणा, कधी एखादा विक्रेता. पण पक्के अकरा.

बाईंनी पदर खोचला आणि दोन्ही गावं पालथी घातली. माहेरच्या गल्लीपासून सुरुवात केली. प्रत्येक दाराशी तेच सांगायचं, "चौदा दिवस फक्त. रोज नको, आठवड्यातून दोनदा तरी गाडीने जा. नाहीतर स्टेशन जाईल."

"असं कसं जाईल?" माणसं म्हणायची. "आमच्या आजोबांनी भांडून मिळवलंय ते."

"मग येताय ना?"

"येणार म्हणजे काय, येणारच!"

चौकातल्या लोखंडसामानाच्या दुकानात तेव्हा आत्ताच्या अध्यक्षांचे वडील बसायचे. त्यांनी तर टेबलावर मूठ आपटली. "बाई, आमच्या घरातले सहाच्या सहा जण येतील!" बाईंना इतकं भरून आलं की त्यांनी घरी येऊन यजमानांनाही सांगितलं, तुम्हीही चला.

"सातची पाळी आहे गं," यजमान म्हणाले. "गाडी पोचते आठला. नोकरी घालवू का?"

त्यांचं खरं होतं. म्हणूनच बाईंना त्यांचा जास्त राग आला.

पहिल्या दिवशी सोळा उतारू आले. बाईंनी आकडा लिहिला आणि स्वतःशीच हसल्या. दुसऱ्या दिवशी तेरा. तिसऱ्या दिवशी अकरा. दुकानदाराच्या घरातले सहाच्या सहा जण पहिल्या दिवशी आलेच नव्हते, तिसऱ्या दिवशीही नाहीत. संध्याकाळी बाई चौकातून गेल्या तर वडील दुकानदार दारातच उभे होते.

"उद्या नक्की," ते म्हणाले. "आज जरा माल उतरवायचा होता."

पालथ्या घड्यावर पाणी! त्या दिवशी बाईंनी तिकीटघरात बसून कागदावर हिशेब मांडला. पहिले दोन दिवस सोळा आणि तेरा. उरलेले बारा दिवस रोज एकवीस उतारू झाले, तर सरासरी वीसच्या केसभर वर जाते. म्हणजे रोज दहा माणसं कमी पडत होती. माणसं येत नव्हती, पण तिकिटं तर आपल्याच कपाटात आहेत.

चौथ्या दिवशी सकाळी, गाडी गेल्यावर, बाईंनी स्वतःच्या पर्समधून पैसे काढून पुढच्याच थांब्याची दहा तिकिटं काढली. सगळ्यांत स्वस्त ती. दहाही तिकिटं यंत्रात घालून त्यांवर तारीख उठवली आणि फाडून चुलीत टाकायला म्हणून पिशवीत ठेवली. आदल्या दिवशीच्या अकराचंही त्यांनी एकवीस केलं, मागची तारीख लावून आणखी दहा तिकिटं काढली. तक्त्यात घसघशीत एकवीस दिसायला लागले. बारा वर्षांच्या नोकरीत त्यांनी लिहिलेलं हे पहिलं खोटं होतं, आणि ते लिहिताना अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं, याचं त्यांना पुढे कितीतरी वर्षं आश्चर्य वाटत राहिलं.

मास्तरांनी तक्ता बघितला, बाईंकडे बघितलं आणि कंदील पुसायला घेतला.

नवव्या दिवशी गाडीतून एक तपासनीस उतरले. पातळ केसांचे, हातात डब्याची पिशवी. फलाटावरच्या बाकावर बसले, गाडीत चढणारी माणसं बोटांवर मोजली आणि गाडी गेल्यावर तिकीटघराशी आले.

"बाई, आज अकरा."

"हो."

"काल एकवीस होते. परवाही एकवीस. रोज एकवीस. इतकी शिस्त तर पलटणीतसुद्धा नसते."

बाई यंत्राचा दांडा पदराने पुसायला लागल्या.

"मी कालच पुढच्या थांब्यावर जाऊन आलो," तपासनीस म्हणाले. त्यांचा आवाज मुळीच चढला नव्हता. "तिथला माणूस म्हणतो, महिनाभरात तुमच्या स्टेशनातून तिथे कुणी उतरलेलं नाही. मग रोजची दहा माणसं जातात कुठे? चालत्या गाडीतून उड्या मारतात?"

बाईंनी पिशवी उघडली आणि फाडलेली तिकिटं खिडकीत ओतली. चुलीत टाकायचं धाडस झालं नव्हतं. तपासनिसांनी तुकडे बोटाने इकडेतिकडे केले.

"स्वतःच्या पगारातून?"

"हो."

"मला हे वर कळवायला हवं. कळवलं तर तुमची नोकरी जाईल." त्यांनी तक्ता खिडकीतून आत सरकवला. "मी कळवत नाही. तुम्ही स्वतःच्या हाताने आकडे दुरुस्त करा आणि प्रत्येक दुरुस्तीला सही करा. मोजताना चूक झाली होती, असं समजू."

तिसऱ्या दिवसापासून आठव्यापर्यंत सहा ठिकाणी बाईंनी एकवीस खोडले, वर अकरा लिहिलं आणि सही केली. सहा वेळा. उरलेले दिवस मोजायला वरून दुसरा माणूस आला. चौदा दिवसांची सरासरी निघाली साडेअकरा. तीन महिन्यांनी स्टेशनला कुलूप लागलं. मास्तर निवृत्त झाले आणि बाईंची बदली शहराच्या स्टेशनात झाली. तिथे त्या रोज बसने जायला लागल्या.

कुलूप लागल्यावर मात्र दोन्ही गावांना जाग आली. वरातीमागून घोडं निघावं तसं शिष्टमंडळ निघालं, त्यात आत्ताच्या अध्यक्षांचे वडील सगळ्यांत पुढे. रेल्वेच्या मुख्य कचेरीने त्यांच्या हातात त्या तक्त्याची नक्कल ठेवली. झालं! चौकातल्या चहाच्या दुकानात ती भिंतीला लागली आणि सगळ्यांनी बघितलं. सहा ठिकाणी एकवीस खोडून अकरा केलेले, आणि प्रत्येक अकराशेजारी तिकीटबाईंची सही. कुणीतरी हिशेबही केला, तेच एकवीस शेवटच्या दिवसापर्यंत चालू राहिले असते तर स्टेशन वाचत होतं.

"स्वतःच्या हाताने कमी केले हो!" लोक म्हणाले. "शहरात बदली हवी होती ना."

बाई काय सांगणार? खरं सांगावं तर नोकरी जाते, आणि तपासनिसांचीही जाते. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणायची सोय नव्हती, कारण संन्याशानेही चोरी केलीच होती. त्या गप्प बसल्या. माहेरी गेलं तर भावजय ताट वाढता वाढता म्हणायची, "स्टेशन असतं तर वन्सं अजून लवकर आल्या असत्या." दळण आणायला गेलं तर मागून कुणीतरी हळूच "अकरा!" म्हणायचं. पुढे पुढे मुलंही म्हणायला लागली, त्यांना अर्थ माहीत नसताना. अशी अठ्ठावीस वर्षं. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर त्यांनी यजमानांना विचारलं होतं, आता सांगून टाकू का? तपासनीस वारल्याची बातमीही तोवर आली होती.

"कोण विचारतंय?" यजमान म्हणाले होते. "कशाला हात दाखवून अवलक्षण!"

पण आता विचारलं होतं. निदान तारखा तरी विचारल्या होत्या.

रविवारपर्यंत बाईंनी चार पानं लिहिली, दोन्ही बाजूंनी. मोजणीदारांच्या खुंट्यांपासून ते फाडलेल्या तिकिटांपर्यंत सगळं. यजमानांनी वाचून दाखवायला लावलं आणि ऐकता ऐकता त्यांच्या हातातला पेचकस थांबला.

"दहा तिकिटं रोज?" ते म्हणाले. "मला कधी बोलली नाहीस."

"तुमची सातची पाळी होती."

समितीची बैठक शाळेच्या हॉलमध्ये होती. दोन्ही गावांची मिळून पन्नाससाठ माणसं असतील. पहिला पाऊण तास बोर्डावर कुठल्या गावाचं नाव आधी घ्यायचं यातच गेला. आता दोन टोकांना दोन पाट्या लावता येणार नव्हत्या, दार एकच होतं. वरच्या गावचा एक जण खुर्चीवर उभा राहिला, खालच्या गावच्या एकाने त्याला उतरायला सांगितलं. शेवटी अध्यक्षांनी टेबलावर मूठ आपटली, अगदी वडिलांसारखी, आणि विषय पुढे ढकलला. तेव्हा बाई उठल्या.

"मला शेवटच्या ओळीबद्दल बोलायचंय."

त्यांनी चार पानं वाचली नाहीत. पानं हातातच राहिली आणि त्या तोंडीच सांगत गेल्या. घरोघर कशा फिरल्या, कोण कोण 'येणारच' म्हणालं, सोळाचे तेरा आणि तेराचे अकरा कसे झाले, एकवीस कुठून आले आणि परत अकरा का झाले. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. बाईंना वाटलं, झालं, पोचलं.

अध्यक्ष पुढे वाकले. "म्हणजे बाई, एकवीस आकडा खोटा होता?"

"हो."

"आणि तो तुम्ही लिहिला होता?"

"हो. स्टेशन वाचावं म्हणून."

"म्हणजे मोजणी चुकीची होती." अध्यक्षांनी हात पसरून सगळ्यांकडे बघितलं. "मग बोर्डावर तरी दुसरं काय लिहिलंय? 'चुकीच्या मोजणीमुळे'. बाई स्वतःच म्हणतायत."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, चुकीच्या मोजणीने बंद नाही पडलं! बरोबर मोजणीने पडलं! माणसंच नव्हती! तुमच्या वडिलांनी सहाच्या सहा जण आणतो म्हणून सांगितलं होतं, एक तरी आला का?"

"वडिलांना मधे आणू नका."

"बरं, नाही आणत. इथे बसलेल्यांपैकी त्या गाडीने कोण जायचं? हात वर करा."

सगळे हात वर गेले. ज्याचा जन्म स्टेशन बंद झाल्यावरचा, त्याचाही गेला. बाईंनी पहिल्याच रांगेतल्या एका बाईंना विचारलं, "तुम्ही कधी?"

"आईबरोबर. मावशीच्या लग्नाला."

"आणि परत?"

"परत बसने. रात्र झाली होती ना."

दुसऱ्याला विचारलं तर तो गाडी बघायला जायचा. तिसरा म्हणाला, मी नाही, पण आमच्याकडे सगळे गाडीचेच. मागच्या रांगेत एक म्हातारा बराच वेळ उठायचा प्रयत्न करत होता. दूधवाल्यांपैकी धाकटा. थोरला भाऊ जाऊन दहा वर्षं झाली होती.

"मी जायचो," तो म्हणाला. "रोज. आम्ही अकराच होतो. बाई खोटं बोलत नाहीत."

"आजोबा, तुम्ही बसा," कुणीतरी म्हणालं.

"बसतो. पण मलाही एक सांगायचंय." तो बाईंकडे वळला. "चहाच्या दुकानात तो कागद लागला तेव्हा मीही तुम्हाला बोललो होतो. नाही नाही ते बोललो. मला माहीत होतं आम्ही अकरा आहोत, तरी म्हटलं, बाईंनी चार जास्त लिहिले असते तर यांचं काय जात होतं?"

बाईंना राग यावा तर माणूस समोर थरथरत उभा. त्यांनी नुसती मान हलवली. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि पुन्हा नावाचा विषय काढला. तो काढताच दोन्ही गावं अशी तुटून पडली, की तिकीटबाई उभ्या आहेत हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. त्या पानं पिशवीत घालून बाहेर आल्या.

दोन आठवड्यांनी बोर्ड लागला. उद्घाटनाला बाई गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक वाटेत भेटले आणि मोठ्या खुशीत म्हणाले, "बाई, तुमचं काम झालं! ती शेवटची ओळ काढली."

"खरं पटलं म्हणायचं शेवटी?"

"तसं नाही," मुख्याध्यापक जरा चाचरले. ते मुळात वाईट माणूस नव्हते. "नावांचा तोडगा निघाला. दोन्ही नावं एकाच ओळीत, सारख्याच मोठ्या अक्षरांत, मधे इंजिनाचं चित्र. त्यात बोर्डाची निम्मी जागा गेली. काहीतरी गाळावंच लागलं."

"आणि शेकडो उतारू?"

"ते राहिले."

बाई घरी आल्या आणि त्यांनी पिशवीतली पानं काढून पुन्हा पहिल्यापासून वाचली. दोन शब्द दुरुस्त केले, दूधवाल्याच्या बोलण्याचा एक परिच्छेद वाढवला, आणि कुठेही न खोडता सगळं नव्याने उतरवून काढलं. पाच पानं झाली. यजमानांनी वायरीच्या तुकड्याने ती नीट बांधून दिली आणि म्हणाले, "चल, मीही येतो."

चाळीस मिनिटं माळ तुडवत दोघं स्टेशनात पोचली. यजमानांचे गुडघे दुखत होते, ते फलाटावरच्या बाकावर टेकले. बाई आत गेल्या. तिकीटघराची खिडकी मोठी करून तिथे काच बसवली होती आणि आत एक तरुण ग्रंथपाल बसली होती, शहराच्या कॉलेजातून नुकतीच पास झालेली. तिने पानं हातात घेतली आणि खरोखरच वाचायला लागली. दुसरं पान संपेपर्यंत तिने मान वर केली नाही. बाईंना कुणीतरी आपलं लिहिलेलं वाचताना बघायची सवय नव्हती. त्या भिंतीवरचे नियम वाचत उभ्या राहिल्या.

"छान आहे हो," ग्रंथपाल म्हणाली. "फाइल करून कपाटात ठेवते. कशात लावू? कथा की इतिहास?"

"इतिहास."

मुलीने ओठ चावला. "इतिहासाच्या कपाटाची किल्ली अध्यक्षांकडे असते. त्यांनी बघितल्याशिवाय त्यात काही लावायचं नाही, असं आहे. सध्या कथांमध्ये ठेवू का? तिथे लोक वाचतात तरी."

"कथांमध्ये नको," बाई म्हणाल्या. "हे घडलंय."

"मग किल्ली मिळेपर्यंत?"

"किल्ली केव्हा मिळेल?"

"ते सोमवारी येतात. म्हणजे, येईन म्हणतात."

बाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं. यजमान बाकावर बूट काढून पाय चोळत होते. बाईंनी पानं काचेखालून परत घेतली, पिशवीत घातली आणि सोमवारी वाचनालय किती वाजता उघडतं ते विचारून घेतलं.